फिल्म संपल्यानंतरचं काम

जून २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात लोणारचं सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या, हातात फोन होते, आणि दोन-चार दिवसांत त्या गुलाबी पाण्याच्या चित्रफिती बुलढाणा जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेर सगळीकडे फिरल्या. बेसाल्टच्या कातळात उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. अशा ठिकाणी, अशा वेळी विज्ञान शिकवण्याची यापेक्षा चांगली संधी जिल्ह्याला क्वचितच मिळाली असेल. पण त्या चित्रफितींनी रंग दाखवला आणि त्या थांबल्या. पुढचं काम प्रत्येकाच्या कल्पनाशक्तीवर सोडलं गेलं. कुणी त्याला शकुन मानलं, कुणी अपशकुन. जाणकारांचा पहिला अंदाज शेवाळाचा होता. उत्तर मिळालं ते नमुने प्रयोगशाळेत गेल्यावर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातलं, पाणी नागपूरच्या ‘नीरी’त आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासलं गेलं. आघारकर संस्थेचा निष्कर्ष असा होता की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या रंगद्रव्याचा हा रंग आहे. पाऊस कमी, उन्हाळा कडक, पाण्याची वाफ होऊन क्षार वाढले आणि या जीवांना ऊत आला. नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. बाटलीत पाणी भरून चार दिवस कोपऱ्यात ठेवणं हा प्रयोग पाचवीतल्या मुलालाही करता येण्यासारखा होता. मात्र त्या फिरणाऱ्या चित्रफितींपैकी बहुतेकींनी त्याला ते सांगितलं नाही.

दाखवणं आणि शिकवणं यांतलं हे अंतर फोनने निर्माण केलेलं नाही. हलत्या चित्रांनी शिकवण्याचा आपल्याकडचा इतिहास शंभरेक वर्षांचा आहे, आणि तो नीट पाहिला तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: छोट्या फिल्मने किती शिकवलं हे फिल्मच्या लांबीवर किंवा तंत्रावर फारसं ठरलं नाही. फिल्म संपल्यावर बघणाऱ्यापुढे कोणतं काम वाट पाहत होतं आणि त्या कामात त्याच्याबरोबर कोण होतं, यावर ते ठरलं. बुलढाणा जिल्हा हे तपासायला सोयीचा आहे, कारण दृश्यशिक्षणाच्या मोठ्या सरकारी योजना वर्षानुवर्षं या जिल्ह्याच्या कडेने निघून गेल्या. जे थोडं इथवर पोहोचलं, ते का रुजलं किंवा का रुजलं नाही, हे त्यामुळे जास्त स्पष्ट दिसतं.

सुरुवात सिनेमाच्याही आधीपासून करावी लागते. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या झोतात पडद्यावर मोठी करून दाखवायची, सोबत सूत्रधाराचं निवेदन आणि गाणी. पडद्याशेजारी उभा असलेला बोलता माणूस हा त्या खेळाचाच भाग होता. त्याच्याशिवाय चित्रांना अर्थ नव्हता. पुढे चित्रं आपोआप हलू लागली आणि मग ती बोलूही लागली, तसा हा माणूस अनावश्यक ठरत गेला. त्या प्रवासात एक गमतीचा टप्पा दादासाहेब फाळक्यांचा आहे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट केला. वाटाण्याच्या बीपासून रोप कसं होतं, हे महिनाभर थोडं थोडं टिपून काही क्षणांत दाखवलेलं होतं. आज कुठल्याही विज्ञानवाहिनीवर शोभेल असा हा पट मराठी माणसाने केलेली पहिली विज्ञान-फिल्म म्हणायला हरकत नाही. पण ती शाळेसाठी केलेली नव्हती. सावकाराला पटवून भांडवल उभं करण्यासाठी केलेली होती, आणि त्या कामात ती यशस्वी झाली. म्हणजे शैक्षणिक फिल्मचा जन्मच आपल्याकडे भुरळ घालण्यासाठी झाला. या माध्यमाची ती जन्मखूण पुढेही पुसली गेली नाही.

आता बुलढाण्याकडे, म्हणजे वऱ्हाडाकडे येऊ; वाट मात्र पुण्यावरून जाते. भारतात जनमाध्यमातून प्रौढांना शिकवण्याचा पहिला काळजीपूर्वक मोजलेला प्रयोग महाराष्ट्रात झाला, तो रेडिओचा. १९५६च्या फेब्रुवारीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ‘शेतकरी रेडिओ मंडळं’ चालवली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवड्यांत असे वीस. गावातली मंडळी एकत्र बसून ऐकत आणि नंतर तिथेच चर्चा करत. एक निमंत्रक चर्चा पुढे नेई, काय ठरलं आणि काय प्रश्न पडले ते केंद्राला लिहून पाठवी. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं, पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. त्यांनी तीन प्रकारची गावं तुलनेला घेतली होती: मंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळांच्या गावांत शेती आणि आरोग्याबद्दलची माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ फारच तुटपुंजी होती. आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक होता तो ऐकून झाल्यावरच्या अर्ध्या तासाचा. बुलढाण्याच्या वाचकाने इथे एक तपशील लक्षात घ्यावा. हा प्रयोग चालू होता तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलंच नव्हतं, आणि बुलढाणा मुंबई राज्यातही नव्हता. तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले ते १ नोव्हेंबर १९५६ला, प्रयोग संपून काही महिने झाल्यावर.

पुढच्या मोठ्या प्रयोगात नशिबाने उलट्या बाजूने हुलकावणी दिली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ म्हणून ओळखला जाणारा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत संच बसवले. त्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. आणि बुलढाणा तोवर महाराष्ट्रात आलेला. या प्रयोगातली मुलांसाठीची प्रक्षेपणं सगळ्यांना आठवतात, पण माझ्या मते सर्वांत शिकण्याजोगा भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा होता. दोन खेपांत मिळून जवळपास पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि त्यात दूरदर्शन एकटं नव्हतं. रेडिओ, छापील पुस्तिका, प्रत्यक्ष करून पाहायचे प्रयोग आणि गटचर्चा अशी सगळी जोड होती. टीव्हीवर प्रयोग पाहायचा आणि मग तो स्वतःच्या हाताने करायचा. पुण्याच्या रेडिओ मंडळांचाच धडा इथे अधिक पैशात आणि अधिक उंचीवरून, अक्षरशः अवकाशातून, गिरवला गेला.

महाराष्ट्राची पाळी ‘इन्सॅट’ या भारतीय उपग्रहांबरोबर आली. १९८४ साली पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, तिला आपण ‘बालचित्रवाणी’ म्हणतो. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा वयोगटांसाठी मराठीतून छोटे कार्यक्रम तयार व्हायचे आणि दूरदर्शनवरून दाखवले जायचे. बालचित्रवाणीच्या कार्यक्रमांची गुणवत्ता कमी होती असं म्हणणारे फार थोडे भेटतील. एका पिढीला त्या अक्षरगाण्यांची आणि बाहुल्यांची आठवण आजही आहे. अडचण प्रक्षेपण या पद्धतीतच होती. कार्यक्रमाची वेळ ठरलेली, शाळेचं वेळापत्रक वेगळं, शाळेत संच असलाच तर एक, आणि तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटबंद. त्यात वीज. २००५च्या आसपास ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन बारा-बारा तासांपर्यंत गेलं होतं. ज्याने तो काळ घाटावर किंवा घाटाखाली काढला त्याला वेगळं सांगायला नको. पण समजा वीज असती, तरी एक मूलभूत गोष्ट या पद्धतीत बसत नव्हती. वर्गातल्या एका मुलाने ‘असं का?’ विचारलं, तर प्रक्षेपण थांबत नव्हतं. शिक्षकाला फिल्म थांबवण्याचा, मागे नेण्याचा, मध्येच फळ्याकडे वळण्याचा अधिकार नव्हता. केंद्राचा निधी आटत गेला, संस्था कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी झगडत राहिली आणि ३१ मे २०१७ला ती बंद करण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू केलं आणि पाठोपाठ पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड आले. अक्षरगाणी आता खिशात आली, हवी तेव्हा थांबवता येणारी. फक्त त्यांची मराठीत, मराठी मुलांसाठी सातत्याने निर्मिती करणारी संस्था तोवर मोडीत निघालेली होती. हा क्रम धोरणकर्त्यांना खटकला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

बुलढाणा जिल्ह्यात शिकवणारी छोटी फिल्म खऱ्या अर्थाने रुजली ती शाळेच्या बाहेर, मोताळ्याच्या माळावर. २०१६ साली आमीर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पुढाकारातून ‘पानी फाउंडेशन’ सुरू झालं. त्याची वॉटर कप स्पर्धा पहिल्या वर्षी तीन तालुक्यांत, दुसऱ्या वर्षी तीस तालुक्यांत आणि २०१८ मध्ये पंचाहत्तर तालुक्यांत गेली. मोताळा त्यात होता. त्या वर्षी माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं, आणि दुसरं पारितोषिक विभागून मिळालं ते माणमधल्याच भांडवलीला आणि मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडला. (जिजाऊंचं सिंदखेड राजा वेगळं, जिल्ह्याबाहेरचा माणूस दोन्ही हमखास एक समजतो.) स्पर्धेची बातमी झाली ती ताऱ्यांची, श्रमदानाला आलेल्या शहरी पाहुण्यांची आणि ‘तुफान आलंया’ या टीव्ही कार्यक्रमाची. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं प्रशिक्षण. प्रत्येक गावातून काही जण निवासी प्रशिक्षणाला जायचे. तिथे पाणलोट म्हणजे काय, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम का करायचं, सलग समतल चर कसे आखायचे, दगडी बांध कसा रचायचा, कंपार्टमेंट बंडिंग कशाला म्हणतात, हे छोट्या मराठी फिल्म्समधून, खेळांतून आणि शिवारात प्रत्यक्ष नेऊन शिकवलं जायचं. मग ती माणसं गावात परतून उरलेल्यांना शिकवायची, अनेकदा तीच फिल्म दाखवून. आणि ८ एप्रिलच्या पहाटे कुदळी निघायच्या, त्या २२ मेपर्यंत खाली ठेवल्या जायच्या नाहीत.

या पंचेचाळीस दिवसांनी फिल्मला जे दिलं ते बालचित्रवाणीला तेहतीस वर्षांत मिळालं नाही: तातडीची परीक्षा. समतल चर आखायचा तर उतारावर एकाच पातळीतले बिंदू शोधावे लागतात. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरलेलं साधं उपकरण वापरतात. नळीच्या दोन टोकांतलं पाणी समान पातळीला येतं, हे भौतिकशास्त्र त्यात काम करतं. ही गोष्ट फिल्ममध्ये दोन मिनिटांत दिसते आणि सोपी वाटते. डोंगरावर नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पातळी चुकते, चर एका बाजूला कलतो आणि पाणी मुरण्याऐवजी धावत सुटून चर फोडतं. पहिल्या वळवाला ही चूक सगळ्या गावाला दिसते. म्हणजे फिल्मने सांगितलेलं कळलं की नाही, याचा निकाल आठवड्याभरात, सगळ्यांच्या समोर, आणि कुणाला नापास न करता लागतो. चूक दुरुस्त करायला फोन पुन्हा उघडून तोच तुकडा पाहता येतो. इथे थांबवण्याची कळ कामाची ठरली, कारण ती दाबायला कारण होतं.

यावर पहिला आक्षेप येणार तो उघड आहे. सिंदखेडला यश मिळालं ते लाखोंच्या बक्षिसामुळे, यंत्रांमुळे, सिनेतारकांच्या वलयामुळे. त्यात फिल्मचं श्रेय किती? आक्षेपात तथ्य आहे. त्याच वर्षी जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेच्या ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ मोहिमेतून तलावांचा गाळ काढायला जेसीबी-पोकलेन मोठ्या संख्येने आले होते, आणि यंत्रांनी सरसकट खोदकाम करण्याच्या पद्धतीवर जलतज्ज्ञांनी घेतलेले आक्षेपही दुर्लक्ष करावेत असे नाहीत. भूजलाची पातळी एखाद्या स्पर्धेने कायमची वर येते, असा माझा दावा नाही. दावा मर्यादित आहे: ज्या माणसाला पूर्वी समपातळी रेषा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्याला ती आखता आली. बक्षिसाने माणूस डोंगरावर गेला असेल. पण चर कसा आखायचा हे बक्षिसाने सांगितलं नाही. आणि उलट, फिल्म बक्षिसाशिवाय, स्पर्धेशिवाय गावात पाठवली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर १९५६च्या पुण्याच्या आकड्यांनी देऊन ठेवलेलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चर खोदणं हाताचं कौशल्य आहे; गणित आणि विज्ञान त्या मार्गाने शिकता येत नाही, अपूर्णांकांना कुदळ लावता येत नाही. पण वॉटर कपमध्ये गुण मिळत ते कामाच्या मोजमापावर, आणि मोजमाप घनमीटरमध्ये. चराची लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली हे घनफळ शाळेत शिकून विसरलेल्या माणसांनी रोज संध्याकाळी काढलं, कारण आकडा चुकला तर गाव मागे पडणार होतं. बीजगणितासाठी असा प्रसंग रोज मिळणार नाही, हे मान्य. तरी दुसरं उदाहरण थेट वर्गातल्या विज्ञानाचं आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००च्या दशकापासून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांवर एक-दोन मिनिटांच्या शेकडो फिल्म्स केल्या, मराठीसह अनेक भाषांत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन त्रिकोण करायचा, मग चौकोन. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे त्यानंतर सांगावंच लागत नाही. त्या फिल्म्स इतक्या छोट्या आहेत की नुसत्या बघण्यात काही हशील नाही. बघणाऱ्याला त्या लगेच कामाला लावतात. स्वस्त वस्तू वापरण्यामागचं शहाणपण इथे आहे. रबरी नळी जळगाव जामोदच्या पंक्चरवाल्याकडेही मिळते.

तिसरा आक्षेप आजच्या पिढीचा आहे. गट, निमंत्रक, श्रमदान हे सगळं जुन्या काळचं. आता मुलगा एकटा फोनवर बसून मोबाइल दुरुस्ती, वायरिंग, वेल्डिंग शिकतो, त्याला कुणाची गरज नाही. असं शिकणारे आहेत, आणि त्यांचं कौतुकच आहे. पण ते कोण असतात ते पाहावं. दुकानात आधीच बसणारा पोरगा फोनवरून नवं मॉडेल उघडायला शिकतो. त्याच्यापुढे गिऱ्हाइकाचा बिघडलेला फोन असतो, शेजारी चुकलं तर ओरडणारा मालक असतो. तो एकटा दिसतो, एकटा नसतो. ज्यांच्यापुढे काम नाही, त्यांचं काय होतं याची थोडी कल्पना ‘असर’ २०२४च्या देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षणातून येते. १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासंबंधी काही करायला तो वापरणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. पोहोच हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे, इतकं यातून नक्की कळतं.

कोरोनाच्या काळात हाच प्रश्न उघडा पडला. जुलै २०२०मध्ये ‘एमकेसीएल नॉलेज फाउंडेशन’ची ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू हाताळत शिकण्याचा विचार तिच्यामागे होता, म्हणजे दिशा बरोबर होती. पण घरात पडद्याशेजारी बसणार कोण? शेतावर कामाला गेलेली आई की पहिली शिकलेली नसलेली आजी? जिथे मोठं भावंड किंवा आस्थेवाईक शिक्षक गावातल्या पारावर दहा मुलं घेऊन बसला, तिथे तो कार्यक्रम धडा झाला. जिथे नाही, तिथे तो पुढच्या मालिकेआधीचा एक कार्यक्रम राहिला. त्याच काळात पानी फाउंडेशनने शेतकऱ्यांसाठी डिजिटल शेतीशाळा चालवल्या, आणि २०२२ पासून फार्मर कप सुरू केला तेव्हा एकट्या शेतकऱ्याला त्यात प्रवेशच ठेवला नाही. गट करूनच यावं लागतं. बोंडअळीचे कामगंध सापळे किती आणि कुठे लावायचे हे तज्ज्ञाने पडद्यावर सांगायचं, आणि ते खरंच लावले का हे शेजारच्या बांधावरच्या सोबत्याने येऊन पाहायचं, अशी ती रचना आहे. शालेय शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मात्र अजून टॅब, स्मार्ट बोर्ड आणि इंटरनेट जोडणीत मांडला जातो. निमंत्रकासाठी, म्हणजे फिल्म थांबवून ‘आता तुम्ही करून दाखवा’ म्हणणाऱ्या माणसासाठी, त्यात रकाना नाही.